तग धरण्याच्या कथा : कुमारवाचकांसाठीच्या अरण्यसाहित्याचे स्वरूप

बीजशब्द : कुमारसाहित्य, रॉबिन्सनेड, तग धरणे, अरण्य, रान, अनुवाद

प्रस्तावना

युरोपीय आणि अमेरिकन कुमारसाहित्यात एक कथाप्रकार दोन शतकांहून अधिक काळ अव्याहतपणे लिहिला व वाचला जात आहे. अपघात, वादळ, युद्ध किंवा घरातील कलह यांपैकी कोणत्यातरी कारणाने एखादे मूल माणसांच्या वस्तीपासून तुटते. भोवती अरण्य, बेट किंवा हिमप्रदेश असतो. पाणी, निवारा, अग्नी आणि अन्न या चार गोष्टी त्याला स्वतः मिळवाव्या लागतात. त्या मिळवता मिळवता ते मूल बदलते आणि शेवटी माणसांत परत येते, किंवा परत येण्याच्या उंबरठ्यावर कथा थांबते. कथानकाचा सांगाडा एवढाच. तरीही या सांगाड्यावर इतक्या भिन्न प्रकृतीच्या कलाकृती उभ्या राहिल्या आहेत की, बालसाहित्याच्या अभ्यासकाला त्यांचा स्वतंत्रपणे विचार करणे भाग पडते.

मराठीत या कथाप्रकाराला रूढ नाव नाही. 'साहसकथा' ही संज्ञा फार व्यापक आहे. तीत चोरांचा माग काढणारी मुलेही येतात आणि चंद्रावर जाणारी मुलेही येतात. 'अस्तित्वरक्षण' हा प्रतिशब्द अर्थाने अचूक असला तरी तो कोशातच शोभतो. त्यापेक्षा मराठीतील 'तगणे' हे क्रियापद या कथांच्या गाभ्याशी अधिक जवळचे आहे. दुष्काळात जनावर तगते, पाऊस लांबला तरी एखादे रोप तगते, दुखणाईत माणूस महिनाभर तग धरतो. या शब्दात विजयाचा डौल नाही, पराक्रमाचा आव नाही. केवळ टिकून राहणे आहे. प्रस्तुत लेखात म्हणूनच 'तग धरण्याच्या कथा' ही संज्ञा योजिली आहे. या कथाप्रकाराचे स्वरूप स्पष्ट करताना त्यातील ज्ञानाचा प्रश्न, म्हणजे अरण्यात कसे जगावे हे कोणाला ठाऊक असते आणि कोणाला नसते, हा येथे केंद्रस्थानी ठेवला आहे.

रॉबिन्सनची संतती

या परंपरेचे मूळ सर्वसाधारणपणे डॅनियल डिफो यांच्या १७१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'रॉबिन्सन क्रूसो' या कादंबरीत शोधले जाते. चिलीच्या पश्चिमेस असलेल्या हुआन फर्नांडेझ द्वीपसमूहातील एका निर्जन बेटावर १७०४ ते १७०९ या काळात एकट्याने राहिलेल्या अलेक्झांडर सेलकर्क या खलाशाची हकिगत त्या वेळी इंग्लंडमध्ये गाजत होती. डिफो यांनी तिचा आधार घेतला असावा असे मानले जाते. त्याआधी, बाराव्या शतकात, अंदलुसियातील इब्न तुफैल यांनी 'हय्य इब्न यक्झान' या अरबी ग्रंथात बेटावर हरिणीच्या दुधावर वाढलेल्या मुलाची तात्त्विक कथा लिहिली होती. तिचे लॅटिन भाषांतर १६७१ मध्ये झाले होते. तथापि कथाप्रकार म्हणून जे रुजले ते डिफो यांचे रोप. योहान गॉटफ्रीड श्नाबेल या जर्मन लेखकाने १७३१ मध्येच अशा अनुकरणांसाठी 'रॉबिन्सनेड' हा शब्द वापरला, यावरून ही लाट किती लवकर उसळली याची कल्पना येते.

येथे एक गोष्ट सहसा नजरेआड होते. डिफो यांची कादंबरी मुलांसाठी लिहिलेली नव्हती. ती मुलांच्या हाती दिली जाँ-जाक रूसो यांनी. १७६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'एमिल' या शिक्षणविषयक ग्रंथात त्यांनी आपल्या काल्पनिक विद्यार्थ्यासाठी पहिले आणि दीर्घकाळ एकमेव पुस्तक म्हणून 'रॉबिन्सन क्रूसो'ची निवड केली. पुस्तकी शिक्षणावर एरवी टीकेची झोड उठवणाऱ्या विचारवंताने केलेली ही निवड अर्थपूर्ण आहे. वस्तूचे मोल तिच्या उपयोगावरून ओळखावे आणि मताची पारख दुसऱ्याच्या सांगण्यावरून न करता गरजेच्या कसोटीवर करावी, हे शिक्षण त्यांना त्या बेटावर दिसले.

मात्र क्रूसो बेटावर रिकाम्या हाताने आलेला नाही. फुटलेल्या जहाजावर फेऱ्या मारून त्याने हत्यारे, बंदुका, दारूगोळा, धान्य, कापड, दोर असे सर्व काही किनाऱ्यावर आणले आहे. एका अर्थाने तो अठराव्या शतकातील इंग्लंडच उचलून आणतो आणि बेटावर मांडतो. ही अडचण योआखिम हाइन्रिख कांपे या जर्मन शिक्षकाच्या लक्षात आली. १७७९ पासून प्रसिद्ध झालेल्या 'धाकटा रॉबिन्सन' या आपल्या पुस्तकात त्यांनी नायकाच्या हातातील अवजारेच काढून घेतली. जहाज नाही, कुऱ्हाड नाही, बंदूक नाही. मुलांना कथा सांगणारा पिता आणि मध्येच प्रश्न विचारणारी मुले अशी या पुस्तकाची रचना आहे. आज ते वाचताना उपदेशाचे ओझे जाणवते. तरीही तग धरण्याच्या कथेचे आधुनिक रूप कांपे यांनी केलेल्या त्या एका वजाबाकीतून सुरू होते, असे प्रस्तुत अभ्यासकाचे मत आहे. पुढील प्रत्येक लेखकाला कथेच्या आरंभी एक निर्णय घ्यावाच लागतो : मुलाच्या हाती काय ठेवायचे?

'स्विस फॅमिली रॉबिन्सन' (१८१२) या योहान डेव्हिड वीस यांच्या कादंबरीत सगळे कुटुंबच बेटावर येते आणि बेटावर न मिळणारी वस्तू जवळजवळ नाहीच, असा चमत्कार घडतो. रॉबर्ट मायकेल बॅलंटाइन यांच्या 'द कोरल आयलंड'मधील इंग्रज मुले बेटावरही साम्राज्याची शिस्त पाळतात. त्या मुलांपैकी राल्फ आणि जॅक ही नावे उचलून विल्यम गोल्डिंग यांनी १९५४ मध्ये 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज' लिहिली आणि शिस्तीचा तो मुलामा खरवडून काढला. गोल्डिंग यांची कादंबरी मुलांविषयी आहे, मुलांसाठी आहे असे म्हणवत नाही, म्हणून तिचा विस्तार येथे करीत नाही.

एक कुऱ्हाड आणि चोपन्न दिवस

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या परंपरेचे केंद्र इंग्लंडमधून अमेरिकेत आणि बेटावरून अरण्यात सरकले. जीन क्रेगहेड जॉर्ज यांच्या 'माय साइड ऑफ द माउंटन' (१९५९) मधील सॅम हा मुलगा न्यूयॉर्क शहरातील गजबजलेले घर सोडून कॅट्सकिल पर्वतात जातो आणि एका पोकळ झाडाच्या बुंध्यात घर करतो. तो पळून जातो खरा, पण तयारी करून. जवळच्या डेल्ही नावाच्या गावातील ग्रंथालयात बसून तो ससाण्यांविषयी वाचतो. (हे डेल्ही न्यूयॉर्क राज्यातील आहे. आपल्या दिल्लीशी त्याचा संबंध स्पेलिंगपुरता.) सॅमचे अरण्य स्वेच्छेचे आहे, त्यामुळे त्या कथेत भयापेक्षा आनंद अधिक आहे.

गॅरी पॉल्सन (१९३९–२०२१) यांच्या 'हॅचेट' (१९८७) या कादंबरीत हा आनंद उरत नाही. या कथाप्रकाराचे सर्वाधिक परिचित आधुनिक उदाहरण हेच असल्यामुळे त्याचा थोडा तपशिलाने विचार करणे उचित ठरेल. ब्रायन रोबसन हा तेरा वर्षांचा मुलगा छोट्या विमानाने कॅनडातील वडिलांकडे निघाला आहे. आईवडिलांचा घटस्फोट झालेला आहे आणि आईविषयीचे एक गुपित त्याच्या मनात सलते आहे. वाटेत वैमानिकाला हृदयविकाराचा झटका येऊन तो मरण पावतो. इंधन संपेपर्यंत ब्रायन विमान कसेबसे हाकतो आणि ते एका तळ्यात कोसळते. कमरेच्या पट्ट्याला अडकवलेली, आईने निघताना दिलेली लहान कुऱ्हाड एवढेच त्याच्यापाशी उरते. यानंतरचे चोपन्न दिवस म्हणजे ही कादंबरी.

पॉल्सन यांचे वैशिष्ट्य असे की, ते ब्रायनला प्रत्येक गोष्ट चुकवून शिकवतात. पहिल्यांदा सापडलेली फळे तो अधाशासारखा खातो आणि रात्रभर पोट धरून तळमळतो. अंधारात गुहेत साळिंदर शिरते, तो कुऱ्हाड भिरकावतो. साळिंदराला ती लागत नाही, पायात मात्र काटे घुसतात. पण कुऱ्हाड दगडावर आदळताना उडालेल्या ठिणग्या त्याच्या स्मरणात राहतात आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा अर्थ उमगतो. तरी अग्नी लगेच मिळत नाही. वाळलेले गवत पेट घेत नाही. खिशातील वीस डॉलरची नोट फाडून तो तिचे तुकडे ठिणग्यांखाली धरतो, तेही पेटत नाहीत. अखेर बर्च झाडाच्या सालीचे केसासारखे बारीक तंतू काढून, त्यांचे घरटे करून, फुंकर घालून ज्वाळा मिळते. कांपे यांनी जी गोष्ट उपदेशाने सांगितली असती ती येथे एका नोटेच्या कपट्यांतून सांगितली जाते. बाजारात जिचे मोल आहे ती वस्तू अरण्यात सालीइतकीही कामाची नाही. लेखक त्यावर भाष्य करीत नाही, हे विशेष.

मासे मारण्याचा प्रसंगही असाच. ब्रायनचा भाला पुन्हा पुन्हा हुकतो. पाण्यातून हवेत येताना प्रकाशकिरण वळतात, त्यामुळे मासा असतो त्यापेक्षा वर दिसतो आणि नेम त्याच्या खाली धरावा लागतो. हे अपवर्तन त्याने शाळेत ऐकलेले आहे, पण ते आठवण्यापूर्वी त्याला कितीतरी मासे सोडून द्यावे लागतात. विज्ञानाच्या पुस्तकातील आकृती आणि उपाशी पोट यांची गाठ घालून देणारा इतका नेमका प्रसंग कुमारसाहित्यात क्वचित आढळतो. भौतिकशास्त्राच्या सहकाऱ्यांनी तो अवश्य वाचावा.

कादंबरीचा दुसरा पदर मानसिक आहे. शोधासाठी आलेले विमान परत फिरते तेव्हा ब्रायन खचतो, स्वतःला इजा करण्यापर्यंत त्याची मजल जाते. त्यातून सावरल्यावर त्याला जे कळते ते अगदी रुक्ष आहे : रडून झाल्यानंतरही परिस्थिती तशीच राहते. पॉल्सन यांची लहान लहान, शब्द पुन्हा पुन्हा घोटणारी वाक्ये या मनःस्थितीला अनुरूप आहेत. काही समीक्षकांना ही पुनरुक्ती खटकते. एकट्या माणसाचे मन असेच एका शब्दाभोवती फिरत राहते, हे ध्यानात घेतल्यास ती खटकू नये. पुढे वादळाने तळ्यातील विमानाचे शेपूट वर येते आणि ब्रायन आतील आपत्कालीन साहित्याची पिशवी मिळवतो. तीत बंदूक असते. ती हाती येताच आपण भोवतालापासून दुरावलो असे त्याला वाटते. क्रूसोच्या हातातील बंदूक आणि ब्रायनच्या हातातील बंदूक यांमधील हे अंतर अडीचशे वर्षांचे आहे.

पॉल्सन यांना अरण्याचा स्वानुभव होता. अलास्कातील इडिटारॉड या कुत्र्यांच्या घसरगाड्यांच्या शर्यतीत त्यांनी १९८३ मध्ये भाग घेतला होता. ब्रायनच्या अनुभवांमागील सत्य घटना त्यांनी 'गट्स' (२००१) या पुस्तकात सांगितल्या आहेत. कादंबरीत ब्रायन कासवाची कच्ची अंडी खातो. लेखकाला मात्र ती गिळता आली नाहीत, अशी प्रांजळ नोंद तीत आहे. 'हॅचेट'चा शेवट सुटकेने होतो. परंतु हिवाळा आला असता तर काय झाले असते, हा वाचकांचा प्रश्न इतका चिवट ठरला की, सुटका झालीच नाही असे गृहीत धरून पॉल्सन यांनी १९९६ मध्ये 'ब्रायन्स विंटर' लिहिली. कुमारवाचक लेखकाला प्रश्न विचारतात आणि त्याचे उत्तर कादंबरीने द्यावे लागते, हे दृश्य आपल्याकडे दुर्मीळ आहे.

कराना आणि ती अनामिक स्त्री

स्कॉट ओ'डेल यांच्या 'आयलंड ऑफ द ब्ल्यू डॉल्फिन्स' (१९६०) या कादंबरीला १९६१ चे न्यूबेरी पदक मिळाले. तिची नायिका कराना ही कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापासून सुमारे १०० किलोमीटर अंतरावरील सॅन निकोलस बेटावरची मूलनिवासी मुलगी आहे. समुद्री ऊदमांजरांच्या कातड्यांसाठी आलेल्या शिकाऱ्यांशी झालेल्या झटापटीत तिच्या जमातीतील बहुतेक पुरुष मारले जातात. उरलेले लोक जहाजाने बेट सोडतात. धाकटा भाऊ मागे राहिला हे पाहून कराना समुद्रात उडी घेते आणि बेटावर परतते. भाऊ लवकरच रानटी कुत्र्यांच्या टोळीला बळी पडतो. पुढील अठरा वर्षे ती एकटी असते.

कराना ब्रायनप्रमाणे अज्ञानी नाही. कोणते शंख-शिंपले खावेत, पाणी कोठे मिळते, होडी कशी दुरुस्त करावी हे ती जाणते. तिच्यासमोरचा अडसर वेगळा आहे. स्त्रीने शस्त्र घडवू नये असा तिच्या जमातीचा नियम आहे. धनुष्यबाण तयार करताना तिला भूक आणि निषेध यांतून निवड करावी लागते. बेटावर नियम सांगणारे कोणीही उरलेले नसताना तो नियम मोडायला तिला जे धैर्य लागते ते या कादंबरीतील सर्वांत खोल स्थळ आहे. समाज नाहीसा झाला तरी त्याचा धाक माणसाच्या आत शिल्लक राहतो, याचे इतके साधे चित्रण प्रौढांच्या साहित्यातही सहजी सापडत नाही. ज्या कुत्र्यांनी भावाला मारले त्यांच्याच म्होरक्याला ती बाणाने जखमी करते, मग त्याची शुश्रूषा करते. पुढे प्राणी मारणेच ती बऱ्याच अंशी सोडून देते. शिकाऱ्यांविषयीच्या संतापातून हे पुस्तक जन्मले, असे ओ'डेल यांनी सांगितले होते.

या कादंबरीमागे एक खरी स्त्री आहे. १८३५ मध्ये सॅन निकोलस बेटावरील लोकांना मुख्य भूमीवर हलवण्यात आले तेव्हा ती मागे राहिली. ती मुलासाठी जहाजातून उडी मारून परतली ही दंतकथा नंतरची. जॉर्ज नायडेव्हर या शिकाऱ्याने १८५३ मध्ये तिला शोधून सँटा बार्बारा येथे आणले. तेथे तिचे बोलणे समजणारे कोणी नव्हते, असे तत्कालीन वृत्तान्त सांगतात. अवघ्या सात आठवड्यांत, आमांशाने, ती मरण पावली. अठरा वर्षे बेटाने जिला तगवले तिला वस्तीत दोन महिनेही काढता आले नाहीत. मृत्यूसमयी तिला 'हुआना मारिया' असे नाव देण्यात आले. तिच्या भाषेतील चार शब्द आणि दोन गाणी एवढेच नोंदले गेले. कातडे, माणूस, आकाश आणि शरीर असे त्या शब्दांचे अर्थ आहेत. त्यांवरून ती भाषा युटो-अझ्टेकन कुलातील असावी, असा भाषाशास्त्रज्ञांचा निष्कर्ष आहे. २०१२ मध्ये बेटावरील एका गुहेचा शोध लागला. ती तिचे निवासस्थान असावे असा तर्क होता, पण मूलनिवासी जमातीने हरकत घेतल्याने तेथील उत्खनन थांबले.

ओ'डेल यांची कादंबरी सुटकेच्या क्षणी थांबते. त्यांनी सात आठवड्यांचा मृत्यू मुख्य कथेत घेतला नाही, तो पुस्तकाच्या शेवटच्या टिपणात ठेवला. कुमारवाचकांसाठी हे योग्य झाले असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु यामुळे अरण्यातून वस्तीत येणे म्हणजे सुटका हे या कथाप्रकारातील गृहीतक अबाधित राहते, आणि या प्रकरणात ते गृहीतक खरे नव्हते. मूलनिवासी अमेरिकन बालसाहित्याच्या अभ्यासक डेबी रीस यांनी या कादंबरीतील साचेबंद चित्रणावर कठोर टीका केली आहे. तशीच टीका जीन क्रेगहेड जॉर्ज यांच्या 'जूली ऑफ द वुल्व्हज' (१९७२) या, अलास्कातील लांडग्यांच्या कळपात तग धरणाऱ्या मुलीच्या कादंबरीवरही झाली. लांडग्यांची देहबोली जॉर्ज यांनी अभ्यासपूर्वक टिपली, इनुपियाट संस्कृतीचे चित्रण मात्र बाहेरच्या माणसाचे राहिले, असा या टीकेचा आशय आहे. दोन्ही कादंबऱ्यांचे वाङ्मयीन बळ मान्य करूनही ही टीका रास्त वाटते.

रान, अरण्य आणि 'विल्डरनेस'

येथे मराठी वाचकाची एक अडचण उपस्थित होते. 'विल्डरनेस' या इंग्रजी शब्दाला मराठीत नेमका पर्याय नाही. अमेरिकेच्या १९६४ च्या विल्डरनेस कायद्याने जेथे माणूस केवळ पाहुणा आहे आणि राहत नाही, अशा भूभागाची कल्पना मांडली. इतिहासकार विल्यम क्रोनन यांनी १९९५ मधील आपल्या गाजलेल्या निबंधात ही कल्पनाच मानवनिर्मित असल्याचे दाखवून दिले. निर्मनुष्य वाटणाऱ्या त्या भूमीतून आधी माणसे हटवली गेली होती. मराठीतील 'रान' या शब्दाला ही निर्मनुष्यता ठाऊकच नाही. खेड्यात 'रानात गेलेत' म्हणजे शेतावर गेलेत. रानभाजी असते, रानमेवा असतो, रानवाटा असतात. या सर्वांत माणसाचे जाणे-येणे गृहीत धरलेले आहे. अरण्य त्याहून दूरचे, ऋषींचे आणि वनवासाचे. पण वनवासातही राम एकटा नाही. सोबत सीता आणि लक्ष्मण आहेत, वाटेत आश्रम आहेत, निषाद आणि शबरी आहेत. लोककथेतील भोपळ्यात बसून लेकीच्या घरून परतणारी म्हातारी जंगल ओलांडते ती वाघाशी बोलून, त्याला चकवून. अग्नी कसा पेटवावा हा प्रश्न तिला पडत नाही.

मराठी कुमारसाहित्यात तग धरण्याची कथा फारशी का रुजली नाही, याचे एक कारण येथे असावे. भा. रा. भागवत यांनी ज्यूल व्हर्नची साहसविश्वे मराठीत आणली आणि फुरसुंगीचा फास्टर फेणे घडवला. फेणे संकटात सापडतो, पण ते संकट बहुधा माणसांनी उभे केलेले असते आणि तेथून निसटण्यासाठी त्याला चलाखी लागते. व्यंकटेश माडगूळकर आणि मारुती चितमपल्ली यांच्या लेखनातील अरण्य ज्ञानसमृद्ध आहे. परंतु तेथील दृष्टी निरीक्षकाची आहे, अडकून पडलेल्याची नाही. गो. नी. दांडेकर यांचा 'माचीवरला बुधा' मुंबई सोडून राजमाचीवर येतो तो तगण्यासाठी नव्हे, परतण्यासाठी. हे मराठी साहित्याचे न्यून आहे असे मानण्याचे कारण नाही. ज्या भूमीत रानाला माणसांची सवय आहे तेथे ब्रायनच्या एकटेपणाची गोष्ट सुचणे कठीण.

ज्ञान कोणाचे?

आमच्या महाविद्यालयात द्वितीय वर्षाच्या वर्गात बालसाहित्याचा घटक शिकवताना 'हॅचेट'चे कथानक सांगितले, तेव्हा कातकरवाडीवरून येणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, त्याला घरी कोणीच काही शिकवलं नव्हतं का?" वर्ग हसला. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. ब्रायनची सारी कथा त्याच्या अज्ञानावर उभी आहे. मासा पाण्यात वर दिसतो हे नदीकाठच्या मुलाच्या हाताला आधीच ठाऊक असते, त्यासाठी अपवर्तन हा शब्द लागत नाही. म्हणजे या कथाप्रकारातील 'शिकणे' हे एका विशिष्ट, शहरी मुलाचे शिकणे आहे.

वास्तवातील दोन घटना याबाबत उद्बोधक आहेत. २४ डिसेंबर १९७१ रोजी पेरूच्या अमेझॉन अरण्यावर एक प्रवासी विमान वादळात फुटले. सुमारे तीन किलोमीटर उंचीवरून खाली पडलेली सतरा वर्षांची युलियाना कोएप्के वाचली आणि अकरा दिवस चालत राहून माणसांपर्यंत पोचली. तिचे आईवडील प्राणिशास्त्रज्ञ होते. पांग्वाना येथील त्यांच्या संशोधन केंद्रात ती राहिली होती. लहान झरा मोठ्या प्रवाहाला मिळतो आणि प्रवाहाकाठी माणसे असतात, हे वडिलांनी शिकवलेले तिला आठवले. जखमेतील अळ्या काढण्यासाठी तिने इंधन ओतले, तेही वडिलांना कुत्र्यावर तसा उपचार करताना पाहिले होते म्हणून.

दुसरी घटना १ मे २०२३ ची. कोलंबियातील अमेझॉन अरण्यात एक लहान विमान कोसळले. तिन्ही प्रौढ मरण पावले. हुइटोटो या मूलनिवासी जमातीची चार भावंडे उरली. थोरली बहीण तेरा वर्षांची, म्हणजे ब्रायनच्याच वयाची. सर्वांत धाकटे मूल अकरा महिन्यांचे, अरण्यातच एक वर्षाचे झाले. विमानातील कसाव्याचे पीठ संपल्यावर त्यांनी ओळखीची फळे आणि बिया खाल्ल्या. चाळीस दिवसांनंतर, ९ जून रोजी, ती सापडली. शोधपथकात सैनिकांच्या जोडीला मूलनिवासी स्वयंसेवक होते. कोणते फळ खावे हे त्या मुलीला घरात, आजीच्या सहवासात कळले होते, असे तिच्या नातेवाइकांनी सांगितले. जगभरच्या वृत्तपत्रांनी या घटनेला चमत्कार म्हटले. चमत्कार हा शब्द येथे त्या आजीवर अन्याय करणारा आहे.

या मुलीची कथा 'हॅचेट'च्या साच्यात बसत नाही. ती एकटी नव्हती, तीन लहानांची जबाबदारी तिच्यावर होती. भोवतालचे अरण्य अनोळखी असले तरी अनोळखी भाषेत बोलणारे नव्हते. विद्यार्थ्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर कथारूपाने कोणी लिहिले तर ते कदाचित असे दिसेल. महाराष्ट्रातील कातकरी, माडिया आणि कोलाम या जमातींच्या मुलांपाशी या प्रकारचे ज्ञान अजून काही प्रमाणात आहे आणि शाळेच्या वाटेवर ते वेगाने गळत आहे. ते ज्ञान वाहणारे कुमारसाहित्य त्या मुलांनीच लिहावे, अशी अपेक्षा बाळगणे योग्य. तोवर निदान पाठ्यपुस्तकांत अरण्य म्हणजे भय आणि आदिवासी म्हणजे मार्गदर्शक वाटाड्या, ही जुनी वाटणी तरी थांबावी.

अनुवादाच्या काही बाबी

या कादंबऱ्या मराठीत आणणाऱ्यास सर्वांत अधिक त्रास नावांचा होईल. ब्रायनला झाडाझुडपांची आणि पाखरांची नावे माहीत नाहीत, म्हणून तो ती स्वतः ठेवतो. पोट बिघडवणाऱ्या फळांना पोटावरून नाव देतो, पायाखाली येईपर्यंत न हलणाऱ्या पक्ष्याला मूर्ख ठरवतो. अनुवादकाने येथे शास्त्रीय नाव शोधून घातले तर ब्रायनचे अज्ञानच पुसले जाईल. 'बावळा पक्षी' असे सरळ भाषांतर अधिक योग्य. करानाच्या बाबतीत नेमके उलट. तिच्या जमातीत प्रत्येकाला दोन नावे असतात, एक सर्वांसाठी आणि एक गुप्त. कराना हे तिचे गुप्त नाव. आपल्याकडील पाळण्यातले नाव आणि हाक मारायचे नाव यांचा भेद सांगितला की मराठी मुलाला ही कल्पना चटकन कळते, तरी दोहोंतील भीतीचा अंश वेगळा आहे हेही सांगावे लागेल.

काही ठिकाणी मात्र मराठी अनपेक्षितपणे मदतीला येते. ब्रायनचा अग्नी ज्या सालीवर पेटला ती बर्चची साल. बर्च म्हणजे भूर्ज, आणि भूर्जपत्र हा शब्द मराठी वाचकाला पोथ्यांमुळे परिचित आहे. हिमालयातील भूर्ज आणि कॅनडातील बर्च एकाच प्रजातिसमूहातील. सालीतील ज्या तेलकट, राळेसारख्या द्रव्यांमुळे ती पाण्याला दाद देत नाही, त्यांमुळेच ती ओलसर असतानाही पेट घेते. अनुवादात 'बर्च' ऐवजी 'भूर्ज' हा शब्द ठेवून तळटीप टाळता येईल. साळिंदरासाठी तर टीप लागतच नाही, ते सह्याद्रीत आहेच. फक्त त्याची जात वेगळी आहे आणि तिकडचे झाडावर चढते, एवढे अनुवादकाने ठाऊक असू द्यावे.